पेशी का कमी आहेत, हे कळेपर्यंत

समजा, बार्शीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. वय ६४, सगळ्या गल्लीच्या त्या बाई. जिना चढताना दम लागायला लागला म्हणून फॅमिली डॉक्टरांनी सीबीसी करून आणायला सांगितली. हिमोग्लोबिन ८.२, पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट ८४,०००. तिन्ही आकडे कमी. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ: बोन मॅरो तपासणीचा विचार करावा. मुलगा पुण्यात. तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला रिपोर्ट बघतो, इंटरनेटवर शोधतो आणि पहिल्याच पानावर त्याला कॅन्सर हा शब्द दिसतो.

इथून आजाराचं नाव कळेपर्यंत काही दिवस जातात, काही आठवडे, कधी काही महिने. काही जणांच्या बाबतीत नाव ठरतच नाही आणि तरीही ती माणसं वर्षानुवर्षं बऱ्यापैकी जगतात. मधल्या काळात डॉक्टर नेमकं काय करत असतात, हे घरच्यांना बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. मग उशीर झाला की हलगर्जीपणा वाटतो. 'अजून नक्की सांगता येणार नाही' असं ऐकलं की यांना काही कळत नाही असं वाटतं. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरलंच, तर ते चुकीच्या वेळी आणि अर्धे कागद घेऊन घेतलं जातं. म्हणून बाईंच्या फाइलबरोबर एकेक पायरी चालून पाहू.

सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की आकडा खरा आहे का? सीबीसीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. पण थोड्या लोकांच्या रक्तात या रसायनाच्या संगतीने प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे गठ्ठे होतात. यंत्राला गठ्ठा प्लेटलेट म्हणून ओळखता येत नाही. अंगात दोन लाख प्लेटलेट असतात आणि कागदावर चाळीस हजार येतात. डेंगीच्या मोसमात 'पेशी कमी झाल्या' म्हणून धावपळ करणाऱ्या घरांनीही हे माहीत करून घ्यावं. उपाय सोपा आहे: काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून पॅथॉलॉजिस्टने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आणि गरज पडली तर निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत रक्त पुन्हा घेणं. बाईंच्या तिन्ही पेशी कमी आहेत, त्यामुळे केवळ गठ्ठ्यांनी सगळं समजावता येणार नाही. पण काचपट्टी तरीही बघावीच लागते, कारण पुढची दिशा तिथेच कळते. तांबड्या पेशी मोठ्या आहेत की लहान, तुटलेल्या आहेत का, पांढऱ्या पेशींमध्ये कोवळ्या, म्हणजे ब्लास्ट पेशी आहेत का. यंत्राने छापलेल्या चार पानांपेक्षा पॅथॉलॉजिस्टने त्या काचपट्टीबद्दल लिहिलेल्या चार ओळी जास्त मोलाच्या असतात. तुमच्या रिपोर्टवर त्या नसतील तर मागून घ्या.

बाईंच्या काचपट्टीवर तांबड्या पेशी मोठ्या दिसल्या, एमसीव्ही ११२. साधारण ८० ते १०० ही नेहमीची मर्यादा. आता कारणांची यादी डोळ्यांसमोर येते: बी१२ किंवा फोलेटची कमतरता, थायरॉइड, यकृताचा आजार, दारू, काही औषधं (संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट त्यांतलं एक), एचआयव्ही, आणि मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे एमडीएस, ज्यात हाडांतल्या मज्जेत (बोन मॅरोत) पेशी तयार होतात पण बिघडलेल्या होतात.

इथे आपल्याकडे वारंवार होणारी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रक्त कमी दिसलं की तपासणीआधी इंजेक्शन दिलं जातं. एक बी१२चं, सोबत लोहाचं, कधी रक्ताची पिशवीही लावली जाते. हेतू चांगला असतो, पण पुरावा पुसला जातो. बी१२चं इंजेक्शन घेतल्यावर रक्तातली बी१२ची पातळी भरमसाट येते आणि मुळात ती कमी होती का हे मग कळत नाही. रक्त लावल्यावर दुसऱ्याच्या तांबड्या पेशी मिसळतात, त्यामुळे थॅलेसेमिया किंवा सिकलसेलची एचपीएलसी तपासणी साधारण तीन महिने भरवशाची राहत नाही. स्टेरॉइडचं तर विचारूच नका. प्लेटलेट कमी आहेत म्हणून निदानाआधी स्टेरॉइड सुरू झालं आणि खरा आजार ल्युकेमिया किंवा लिम्फोमा निघाला, तर स्टेरॉइडने तो काही काळ झाकलेला असतो. रुग्णाची प्रकृती थांबण्यासारखी असेल तर आधी रक्ताचे नमुने, मग औषध. तातडीचं असेल तर किमान नमुने काढून ठेवून मग औषध. एवढं डॉक्टरांना नम्रपणे विचारायला कुणाची हरकत नसावी.

बी१२वर जरा थांबू, कारण शाकाहारी घरांमध्ये ही कमतरता फार दिसते आणि ती मोठी फसवी असते. बी१२ फारच कमी झालं की तिन्ही पेशी घटतात. मज्जेतल्या पेशी इतक्या वेड्यावाकड्या दिसतात की अनुभवी डोळ्यालाही एमडीएसची, कधी ल्युकेमियाचीसुद्धा शंका येते. एलडीएच वाढतं, बिलिरुबिन वाढतं, म्हणून रक्त फुटतंय की काय असंही वाटतं. आणि उपचार काय, तर इंजेक्शन. ते लागू पडलं की आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या तांबड्या पेशी, एकदम वाढतात. साधारण दोन महिन्यांत आकडे जागेवर येतात. त्यामुळे बी१२ कमी आढळलं आणि ब्लास्ट पेशी दिसत नसतील, तर मॅरो काही दिवस लांबवून आधी हा उपचार करून पाहणं यात टाळाटाळ नाही, ही एक तपासणीच आहे. फक्त आठव्या-दहाव्या दिवशी रेटिक्युलोसाइट मोजायला विसरू नये.

बाईंचं बी१२ बेताचं निघालं. तीन इंजेक्शनं झाली, रेटिक्युलोसाइट हलले नाहीत. मग मॅरो.

या तपासणीला लोक फार घाबरतात. 'मणक्यातून पाणी काढतात, मग पाय जातात' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. बोन मॅरो मणक्यातून काढत नाहीत. कमरेच्या मागे, पार्श्वभागाच्या वर जे हाड हाताला लागतं, तिथे भूल देऊन सुई घालतात. आधी मज्जेचा द्रव भाग ओढून घेतात, ते अ‍ॅस्पिरेट. ओढतानाचे काही क्षण खोल, विचित्र कळ येते, हे आधीच सांगितलेलं बरं. मग त्याच जागेतून हाडाचा काडीएवढा तुकडा घेतात, ती बायोप्सी. हा तुकडा दीड-दोन सेंटिमीटर लांब असला तर चांगला. फारच आखूड आला तर त्यावरून काढलेला निष्कर्षही तेवढाच तोकडा.

या एका तपासणीतून निघणारे रिपोर्ट वेगवेगळ्या वेळी येतात, आणि घरच्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. अ‍ॅस्पिरेटच्या काचपट्ट्या एक-दोन दिवसांत वाचून होतात. हाडाचा तुकडा आधी रसायनात मऊ करावा लागतो, त्याला काही दिवस. फ्लो सायटोमेट्रीला जिवंत, ताज्या पेशी लागतात. गुणसूत्रांच्या तपासणीत पेशी वाढवून, त्या विभागत असताना पकडून, साधारण वीस पेशींची गुणसूत्रं बघतात. त्याला दोन-तीन आठवडे. जनुकीय बदलांची एनजीएस तपासणी केली तर तेवढाच काळ किंवा थोडा अधिक. पहिल्या कागदावर जे लिहून येतं ते अर्धं चित्र असतं. दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट आणि तिसऱ्या आठवड्यातला रिपोर्ट वेगळं बोलले म्हणून आधीचे डॉक्टर चुकले असं होत नाही.

बाईंच्या पहिल्या रिपोर्टचा शेवट मराठीत आणला तर असा: 'पेशींच्या दोन वंशांत बिघाड दिसतो. एमडीएसची शक्यता नाकारता येत नाही. कृपया क्लिनिकल माहितीशी पडताळून पाहावे.' मुलगा म्हणतो, म्हणजे आहे की नाही? पॅथॉलॉजिस्टची ही भाषा अंग काढून घेणारी वाटते, पण ती मोजून वापरलेली असते. एमडीएस म्हणायला एखाद्या वंशाच्या, म्हणजे तांबड्या, पांढऱ्या किंवा प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींपैकी एका गटाच्या, किमान १० टक्के पेशी बिघडलेल्या दिसाव्या लागतात. बिघाड म्हणजे काय? केंद्रकाचा आकार, दाणे कमी असणं, प्लेटलेट बनवणाऱ्या मेगाकॅरिओसाइट पेशी लहान असणं. ही माणसाने डोळ्यांनी बघून केलेली मोजणी आहे. ८ टक्के म्हणणारा आणि १२ टक्के म्हणणारा, दोघेही प्रामाणिक असू शकतात. रंग नीट चढला नसेल, काचपट्टी जाड झाली असेल, नमुना तासन्‌तास पडून राहिला असेल, तर चांगल्या पेशीही बिघडलेल्या दिसतात.

त्यातच २०२२पासून आणखी एक भर पडली आहे. त्या वर्षी रक्ताच्या कर्करोगांची वर्गवारी दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली, एक जागतिक आरोग्य संघटनेची आणि दुसरी आयसीसी म्हणून ओळखली जाणारी. बराचसा भाग सारखा आहे, सगळा नाही. मज्जेत ब्लास्ट १० ते १९ टक्के असतील तर एका वर्गवारीत तो एमडीएसचा पुढचा प्रकार, दुसरीत एमडीएस आणि तीव्र ल्युकेमिया यांच्या मधलं वेगळं नाव. एकाच मज्जेची दोन रुग्णालयांतून दोन नावं आली तर आधी विचारायचं: आजाराबद्दल मतभेद आहे की फक्त नावाबद्दल? उपचार दोन्हीकडे तोच सांगत असतील तर मतभेद कागदावरचा.

आता दुसरं मत. ते कधी घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे: केमोथेरपी, प्रत्यारोपण, प्लीहा काढणं किंवा दीर्घकाळ चालणारं महागडं औषध सांगितलं असेल, रिपोर्टमध्ये 'शक्यता' आणि 'नाकारता येत नाही' असे शब्द असतील, किंवा दोन-तीन महिने उपचार करून अपेक्षित फरक पडला नसेल, तर घ्यावंच. 'पहिल्या डॉक्टरांना काय वाटेल' या संकोचापायी ते टाळू नये. रक्ताचे चांगले डॉक्टर अवघड केस स्वतःहून दुसरीकडे दाखवतात.

पण दुसरं मत म्हणजे दुसऱ्या ओपीडीत जाऊन फाइल दाखवणं एवढंच नव्हे. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच्या रिपोर्टवरचे शब्द वाचले आणि मान डोलावली, तर तो पहिल्याच मताचा प्रतिध्वनी झाला. तपासायच्या असतात त्या काचपट्ट्या. रक्ताच्या काचपट्ट्या, अ‍ॅस्पिरेटच्या काचपट्ट्या आणि बायोप्सीचा मेणाचा ठोकळा, ज्याला लॅबमध्ये सगळे ब्लॉक म्हणतात. हे सगळं पहिल्या लॅबकडे जपून ठेवलेलं असतं. लेखी अर्ज दिला की ते मिळतं. काही ठिकाणी अनामत रक्कम घेतात, परत करण्याची तारीख लिहून घेतात. ब्लॉकमधून नवे पातळ काप काढून नवे रंग चढवता येतात. काचपट्ट्या कापसात गुंडाळून, कडक डब्यात, हातातल्या पिशवीतून न्या. कुरिअरने पाठवायच्याच असतील तर काही काचपट्ट्या मागे ठेवा. एकाच वेळी सगळ्या फुटल्या तर बाईंना पुन्हा सुई सोसावी लागेल. फ्लो सायटोमेट्री आणि गुणसूत्रं मात्र ब्लॉकमधून पुन्हा होत नाहीत, त्यांना ताजा नमुनाच लागतो. दुसऱ्या ठिकाणी मॅरो पुन्हा करायला सांगितली तर त्यामागे नेहमी पैसाच असतो असं नाही. 'कोणती तपासणी जुन्या नमुन्यावर होणार नाही?' असं विचारा, उत्तर नेमकं मिळायला हवं.

कागद मिळण्यात अडचण येत असेल तर हक्क माहीत असू द्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णाने नोंदी मागितल्यावर त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क वेगळा लिहिलेला आहे. भांडण करायची वेळ क्वचित येते. अर्जात तारीख, नोंदणी क्रमांक आणि काय हवं ते नीट लिहिलं की बहुतेक लॅब सहकार्य करतात.

जायचं कुठे? कर्करोगाची शंका असेल तर परळचं टाटा मेमोरियल आणि त्याचं खारघरचं केंद्र आहे. राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडशी जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून कागदपत्रांवर मत मिळण्याचीही सोय आहे. थॅलेसेमिया, सिकलसेल, रक्तस्रावाचे आनुवंशिक आजार अशा बाबतीत परळलाच केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. केईएमचं नाव निघालं की १९५२ आठवतं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तेव्हा 'बॉम्बे' रक्तगट शोधला. नेहमीच्या तपासणीत ओ दिसणारं पण ओ नसलेलं, ओ गटाचं रक्तही न चालणारं रक्त. प्लेटलेटच्या गठ्ठ्यांपासून रक्तगटांपर्यंत, चाचणी जे दाखवते त्याच्या पलीकडे बघायची सवय रक्तविज्ञानाच्या शाखेला जुनी आहे.

दुसऱ्या डॉक्टरांपासून पहिलं मत लपवू नका. 'बघू, हे स्वतःहून काय सांगतात' अशी परीक्षा काही जण घेतात. त्यात आपलाच वेळ आणि रक्त जातं. आधीची औषधं, काढे, पपईच्या पानांचा रस, दारू, सगळं सांगा. शक्य असेल तर पहिल्या डॉक्टरांकडून एक पानी सारांश घ्या आणि प्रश्न एका वाक्यात लिहून न्या. बाईंच्या बाबतीत तो असा होईल: 'हा एमडीएस आहे का, आणि नसेल तर कोणत्या तपासणीने ठरेल?' दोन मतं जुळली नाहीत तर लगेच तिसरीकडे पळण्याआधी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायची विनंती करा. तिसरं मत तेव्हाच कामाचं, जेव्हा मतभेदाने उपचार बदलणार असतो.

काही प्रसंगी मात्र थांबायला वेळच नसतो. पांढऱ्या पेशी कमी आणि ताप, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५००च्या खाली, हे त्याच दिवशी दाखल होण्याचं कारण आहे. प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाची नुसती शंका आली तरी डॉक्टर खात्रीची वाट न पाहता एटीआरए गोळी सुरू करतात, कारण पहिल्या दिवसांतला रक्तस्राव जीव घेतो. प्लेटलेट कमी आणि काचपट्टीवर तांबड्या पेशींचे तुकडे, म्हणजे टीटीपीची शंका असेल, तर प्लाझ्मा बदलण्याचा उपचार शंकेवरच सुरू करतात. अशा वेळी उपचार घ्या, काचपट्ट्या नंतर दुसरीकडे पाठवा.

गरोदर बाईचं प्रकरणही असंच घाईचं. एचपीएलसीमध्ये एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साडेतीन टक्क्यांच्या आसपास घुटमळत असेल तर थॅलेसेमिया मायनर आहे की नाही हे सांगणं अवघड जातं, कारण लोह कमी असलं की हा आकडा खाली येतो आणि बी१२ कमी असलं की वर जातो. एरवी लोह भरून काढून पुन्हा तपासता येतं. गरोदरपणात वाट पाहू नये, नवऱ्याची तपासणी लगेच करावी. तो वाहक नसेल तर बाळाला थॅलेसेमिया मेजरची भीती जवळपास उरत नाही.

बाईंच्या काचपट्ट्या मुंबईला गेल्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने लिहिलं, बिघाड आहे पण १० टक्क्यांपर्यंत पोचत नाही. गुणसूत्रं नेहमीसारखी. एनजीएसमध्ये एका जनुकात बदल. आता याला काय म्हणायचं? पेशी कमी आहेत, मज्जेत जनुकीय बदल असलेल्या पेशींचा एक गट आहे, पण एमडीएस म्हणण्याइतका पुरावा नाही. या अवस्थेला सीसीयूएस म्हणतात. बदल सापडला नसता तर आयसीयूएस. ही टाळाटाळीची नावं नाहीत. हे मान्य केलेलं निदान आहे, आणि त्याचा उपचार बहुतेक वेळा नजर ठेवणं हाच असतो. सत्तरीच्या पुढच्या माणसांत असे जनुकीय बदल दहातल्या एखाद्यात तरी सापडतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना रक्ताचा कर्करोग कधीच होत नाही. पेशीही कमी असतील तर धोका त्याहून जास्त, आणि किती ते कोणतं जनुक, किती बदल यावर ठरतं. म्हणून बाईंच्या मुलाने 'कॅन्सर आहे का?' यापेक्षा 'पुढे सरकण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त?' असं विचारावं. त्याचं उत्तर डॉक्टर देऊ शकतात.

वाट पाहण्याचे महिने सगळ्यात कठीण. प्रत्येक सीबीसीच्या आदल्या रात्री झोप उडते. इथे काही गोष्टी खरोखर मदत करतात. तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. ८.४चं ८.१ झालं तर तो यंत्राचा आणि दिवसाचा फरक असू शकतो. डॉक्टर एका आकड्याकडे बघत नाहीत, चार-पाच आकड्यांच्या उताराकडे बघतात. आकडे तारखेसह एका वहीत उभे लिहा, उतार तुम्हालाही दिसेल. सांगितल्यापेक्षा जास्त वेळा रक्त तपासू नका.

आणि आईपासून लपवू नका. आपल्याकडे मुलगा-सून डॉक्टरांच्या दारात आधी जाऊन सांगतात, 'बाईंना काही बोलू नका हं.' प्रेमापोटीच. पण ज्यांनी पस्तीस वर्षं वर्गातल्या पोरांचे चेहरे वाचले, त्यांना घरातल्यांचे चेहरे वाचता येत नाहीत असं समजणं बरोबर नाही. नाव ठरलेलं नसताना लपवलं तर त्या मनाने सगळ्यात वाईट नाव धरून बसतात. 'पेशी कमी आहेत, कारण अजून पक्कं नाही, कर्करोग म्हणण्यासारखं आज काही दिसलेलं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघणार आहेत' एवढं त्यांच्याशी सरळ बोलता येतं. पुढच्या भेटीला प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

त्या भेटीपूर्वीच डॉक्टरांना गाठायची कारणं मात्र फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत: १०१च्या वर ताप, हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारं रक्त, अंगावर नवे जांभळे ठिपके, शौचास काळी होणं, बसल्या जागी दम. आणि आजच्याच भेटीत डॉक्टरांकडून दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: कोणता आकडा कुठपर्यंत घसरला की मॅरो पुन्हा करायची, आणि काहीच बदललं नाही तर पुढची सीबीसी कोणत्या महिन्यात.